अंश छापता, मग छेदही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याची बातमी वाचून लोक औषध बंद करतात, नवे सुरू करतात, लस टाळतात, उपाशीपोटी कसला तरी रस पिऊ लागतात. राजकारणातली बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो आणि विषय संपतो. आरोग्याची बातमी चुकली तर तिचा खुलासा वाचेपर्यंत वाचकाने गोळ्या फेकून दिलेल्या असतात. म्हणून आपल्या दैनिकाने अशा बातम्यांना एकच अट लावावी, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. 'धोका दुप्पट', 'एक तृतीयांश लोकांना त्रास', '१०० टक्के गुण' असा अंश ज्या बातमीत असेल, तिच्यात त्याचा छेदही छापावा. किती जणांपैकी, कोणाशी तुलना करून, किती काळात, हे तीन तपशील हवेत. ते मिळत नसतील तर बातमी एक दिवस थांबवावी.

छेद न छापल्याने काय होते, ते ब्रिटनने १९९५ साली पाहिले. त्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवले की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी 'दुप्पट' हा शब्द उचलला. प्रत्यक्षात आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमध्ये एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांवर दोघींना. वाढ झाली ती ७,००० मागे एकीची, म्हणजे ०.०१४ टक्के. बातमी वाचून असंख्य स्त्रियांनी मध्येच गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. यात सर्वांत वाईट भाग असा की गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका या नव्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ज्या धोक्याच्या भीतीने गोळी सोडली, त्याहून मोठा धोका पदरात पडला. जोखीम लोकांना कशी समजावून सांगावी यावर काम करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर हे उदाहरण वारंवार देतात. 'दुप्पट' हे खरेच होते. अपुरे होते, आणि अपुऱ्या खऱ्यानेच हे नुकसान केले.

यावरचा उपाय पाचवीच्या गणितात आहे. मूळ धोका विचारायचा आणि त्याला वाढीच्या टक्क्यांनी गुणायचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा जगभर गाजला. ब्रिटनमध्ये शंभर माणसांपैकी साधारण सहा जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. सहाचे १८ टक्के म्हणजे एकाहून किंचित जास्त. म्हणजे त्या शंभरांनी जन्मभर रोज ५० ग्रॅम हॅम किंवा सॉसेज खाल्ले तर सहाच्या जागी सात. भारतात या कर्करोगाचे मूळ प्रमाण ब्रिटनपेक्षा कितीतरी कमी आहे, त्यामुळे तेच १८ टक्के आपल्याकडे आणखी लहान संख्येला लावावे लागतात. बातमीत '१८ टक्के' छापायला हरकत नाही. 'शंभरात सहाचे सात' हे त्याच वाक्यात हवे, आतल्या पानावर सहाव्या परिच्छेदात नको.

त्याच बातमीत दुसरी गफलत झाली होती आणि ती अजून दरवर्षी होते. प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात घातले, म्हणजे ते तंबाखूइतकेच घातक, असे मथळे आले. या संस्थेचे गट धोका किती मोठा हे सांगतच नाहीत. पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात. पहिल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे, ऊनही आहे. संस्थेने त्याच वेळी दिलेल्या अंदाजानुसार प्रक्रिया केलेल्या मांसाचा भाग जास्त असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला सुमारे ३४,००० कर्करोग-मृत्यू होतात, तर तंबाखूमुळे सुमारे १० लाख. गट एक, आकड्यांत जवळपास तीसपट फरक. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी या यादीतली खरी बातमी वेगळीच आहे. नुसती सुपारी, तंबाखू न घालताही, पहिल्या गटात आहे. सुगंधी सुपारीच्या पुड्या लहान मुलांच्या हातात दिसतात आणि आपण बेकनवर मथळे करतो, ही निवड मला पटत नाही.

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थाला '२ब' गट मिळाला, तेव्हाही हेच झाले. '२ब' म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा तोकडा आहे. मोबाइलच्या लहरी २०११ पासून याच गटात आहेत आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही. त्याच दिवशी संघटनेच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा २,४०० मिलिग्रॅम पडते. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असते असे धरले, तर रोज आठ ते बारा कॅन प्यायल्यावर ती गाठली जाईल. बातमीला एवढा एक हिशेब जोडला असता, तर मधुमेही वाचकाचा जीव टांगणीला लागला नसता.

आता छेद अगदीच लहान असला तर काय होते ते पाहू. २०१५ साली विज्ञान-पत्रकार जॉन बोहानन यांनी दोन जर्मन दूरचित्रवाणी पत्रकारांना सोबत घेऊन मुद्दाम एक कच्चा प्रयोग रचला. माणसे खरी, मोजमापे खरी, पण रचना अशी की काहीतरी निकाल निघालाच पाहिजे. तीन गट केले. एका गटाला कमी कर्बोदकांचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि रोज सुमारे ४२ ग्रॅम कडू चॉकलेट, तिसऱ्याला नेहमीचे जेवण. शेवटी हिशेबात पंधरा माणसे उरली, म्हणजे गटाला साधारण पाच. तीन आठवडे गेले आणि चॉकलेटवाल्यांचे वजन दहा टक्के अधिक वेगाने उतरले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकाने ६०० युरो घेऊन तो निबंध एक शब्दही न बदलता छापला. 'बिल्ड' या जर्मन दैनिकाने तो पहिल्या पानावर घेतला आणि तिथून ती बातमी भारतातल्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकापर्यंत पोहोचली. मे महिन्यात बोहानन यांनी सगळे स्वतःच उघड केले. निबंध छापून आल्यापासून तोपर्यंत 'किती माणसांवर प्रयोग केला?' हा साधा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नव्हता, आणि तो आकडा प्रसिद्धिपत्रकात मुद्दाम घातलेलाही नव्हता.

यातली खोच संपादकीय विभागातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. प्रयोगात वजनाबरोबर कोलेस्टेरॉल, रक्तातले सोडियम, प्रथिने, झोप, मनाची स्थिती अशी अठरा मोजमापे घेतली होती. संशोधनात सर्वसाधारण रिवाज असा की निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर तो 'लक्षणीय' मानायचा. एका मोजमापाला योगायोगाने फसण्याची शक्यता पाच टक्के. अठरा मोजमापे घेतली आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर त्यांतले निदान एक तरी योगायोगाने 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६० टक्के होते (०.९५ चा अठरावा घात ०.४०, तो एकातून वजा). वजन निघाले म्हणून बातमी वजनाची झाली. झोप निघाली असती तर 'चॉकलेटने झोप सुधारते' असा मथळा आला असता. शिवाय माणसाचे वजन पाण्याने आणि मासिक पाळीने किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होते. पाच जणांच्या गटात एकीचे वजन तेवढे हलले तरी साऱ्या गटाची सरासरी बदलते.

कधी छेद मोठा असतो, पण तुलनाच नसते. असे प्रकरण आपल्याकडचेच आहे. मे २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा कोव्हॅक्सिनवरचा निबंध 'ड्रग सेफ्टी' या नियतकालिकात आला. ९२६ जणांची, ६३५ किशोरवयीन आणि २९१ प्रौढांची, लसीनंतर वर्षभराने चौकशी केली होती. 'लस घेतलेल्या एक तृतीयांश लोकांना गंभीर त्रास' अशा अर्थाचे मथळे देशभर झळकले. तपशिलात सर्वांत मोठा आकडा सर्दी-खोकल्याच्या जंतुसंसर्गाचा होता. ३०४ किशोरवयीन, म्हणजे ४७.९ टक्के, आणि १२४ प्रौढ, म्हणजे ४२.६ टक्के, यांना तो झाला होता. खरोखर गंभीर म्हणावा असा त्रास सुमारे एक टक्क्याला.

अशा वेळी कागदावर चार घरांचा तक्ता आखावा. आडव्या दोन ओळी, 'लस घेतलेले' आणि 'लस न घेतलेले'. उभे दोन रकाने, 'आजारी पडले' आणि 'पडले नाहीत'. बातमीतले आकडे या घरांत भरून पाहावेत. बनारसच्या निबंधातून पहिली ओळ भरते: ४२८ जणांना सर्दी-खोकला झाला, ४९८ जणांना झाला नाही. दुसरी ओळ कोरीच राहते, कारण लस न घेतलेल्यांना कोणी विचारलेच नव्हते. तेव्हा लसीने सर्दी-खोकला वाढला, घटला की होता तेवढाच राहिला, यांपैकी काहीही म्हणायला जागा नाही. चौकशीचा काळ जानेवारी २०२२ पासूनचा, म्हणजे ओमायक्रॉनची लाट ऐन भरात असतानाचा. त्या वर्षात लस न घेतलेल्या किती जणांना सर्दी-खोकला झाला, हे विचारल्याशिवाय ४७.९ टक्के या आकड्याला काहीच अर्थ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आठवड्याभरातच नेमके हेच आक्षेप लेखी घेतले: लस न घेतलेल्यांचा गट नाही, लसीआधीची प्रकृती नोंदलेली नाही, माहिती वर्षानंतर फोनवर विचारलेली आहे आणि ती रुग्णालयाच्या कागदांवरून ताडून पाहिलेली नाही. पुढे त्याच वर्षी नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. आधी झळकलेल्या मथळ्यांच्या तुलनेत निबंध मागे घेतल्याची बातमी कोपऱ्यात गेली.

चारही घरे भरलेला अभ्यास कसा असतो, तेही याच विषयावर पाहायला मिळते. तरुणांच्या अकस्मात मृत्यूंना लस जबाबदार आहे का, हे शोधण्यासाठी परिषदेने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने केलेले काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ४५ वयाचे, वरकरणी धडधाकट असताना अचानक दगावलेले ७२९ जण घेतले. प्रत्येकामागे त्याच वयाची, त्याच लिंगाची, त्याच परिसरातली चार जिवंत माणसे, म्हणजे २,९१६ जण. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांत अकस्मात मृत्यूचा धोका कमी दिसला. जास्त दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात असा मृत्यू आधी झालेल्यांत, मृत्यूच्या ४८ तास आधी अति दारू प्यालेल्यांत किंवा फार दमणूक करणारा व्यायाम केलेल्यांत. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. गेलेल्या माणसाची माहिती त्याच्या घरच्यांकडून घ्यावी लागते आणि घरचे दारूबद्दल नेहमीच मोकळेपणाने बोलतील असे नाही. त्या मर्यादेसकट तो छापता येतो. पण २०२५ च्या उन्हाळ्याअखेर कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराने काही तरुण गेले, तेव्हा मृतांचा आकडा रोज वाढवत नेणाऱ्या बहुतेक बातम्यांत त्या जिल्ह्यात एरवी त्याच महिन्यांत असे किती मृत्यू होतात, हे दिलेले नव्हते. ते दिल्याशिवाय संख्या वाढली, असे म्हणताच येत नाही.

'१०० टक्के गुण' या दाव्यालाही हाच तक्ता लावावा. जून २०२० मध्ये कोविडवरचे म्हणून कोरोनिल हे औषध बाजारात आणताना सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे झाल्याचा दावा पत्रकार परिषदेत झाला. चाचणी ९५ जणांवर झाली होती, आणि ते लक्षणे नसलेले किंवा सौम्य आजाराचे रुग्ण होते. असे बहुतेक रुग्ण कोणतेही औषध न घेता आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात, हे तेव्हाही ठाऊक होते. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेचा सूर लागला, तेव्हा आपण कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची तपासणी केलेली नाही आणि प्रमाणपत्रही दिलेले नाही, असे संघटनेला जाहीर करावे लागले. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय राज्यात विक्री होऊ देणार नाही, असे सांगितले, ते बरेच झाले.

याच जातीचे दुसरे वाक्य म्हणजे 'कोणालाही दुष्परिणाम दिसला नाही'. यासाठी सांख्यिकीत तिनाचा एक ठोकताळा आहे, तो टेबलावर लिहून ठेवावा. जितक्या माणसांत एकही दुष्परिणाम दिसला नाही, त्या संख्येने तिनाला भागावे. तीस जणांत एकही नाही, तर तीन भागिले तीस. म्हणजे खरा दर दहात एक इतका असला तरी तो या चाचणीत निसटू शकतो. शंभर जणांत शून्य असेल तर शंभरात तीनपर्यंत, तीन हजारांत शून्य असेल तर हजारात एकपर्यंत. तीस जणांवरची चाचणी छापताना 'दुष्परिणाम नाहीत' असे लिहू नये. 'दुष्परिणाम शोधण्यासाठी चाचणी लहान होती' असे लिहावे.

हळदीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी वृत्तपत्रांत हळदीची बातमी महिन्याआड असते आणि सांगलीच्या बाजारामुळे आपल्याला तिचा अभिमानही आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतले पिवळे रसायन, टाकले की त्या मरतात, हे खरे आहे. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. प्रश्न असतो तो तेवढे औषध माणसाच्या शरीरात त्या जागी पोहोचते का, हा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. तीन ग्रॅमच्या चहाच्या चमचाभर हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिले गेले आणि तरी रक्तात ते अगदी अल्प सापडले, कारण आतडे आणि यकृत ते झपाट्याने बदलून टाकतात. ८ ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून घ्यायचे झाले तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. हळद-दुधाच्या पेल्यात चमचाभर तरी असते का?

'काळ्या मिरीमुळे हळद २,००० टक्के जास्त लागू पडते' हा आकडाही सगळीकडे फिरतो. तो बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या प्रयोगातला आहे आणि आकडा खरा आहे. पण नुसते कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात ते जवळपास सापडतच नव्हते. शून्याच्या जवळच्या आकड्याची वीसपट वाढ ही अजून लहानच राहते. शिवाय मिरीतले पायपरिन हे आतड्याचे आणि यकृताचे औषध मोडण्याचे काम मंदावते, आणि ते फक्त हळदीपुरते मंदावत नाही. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळीही त्याने वाढते. हळद-मिरीच्या महागड्या गोळ्यांची बातमी छापताना फेफऱ्याचे औषध घेणाऱ्यांसाठी ही एक ओळ आवश्यक आहे. भाजीतल्या हळद-मिरीला यातले काहीही लागू नाही, हेही सांगावे, नाहीतर उद्या लोक फोडणीलाच घाबरतील.

२०१७ साली कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषध-रसायनशास्त्राच्या दृष्टीने कर्क्युमिनवरचे सारे काम तपासले. त्यांनी दाखवले की हे रसायन अस्थिर आहे, स्वतः रंगीत आहे, प्रकाशात चमकते आणि वाटेल त्या प्रथिनाला चिकटते. अनेक प्रयोगशाळा-चाचण्या रंग किंवा चमक मोजूनच निकाल देतात. त्यामुळे कर्क्युमिन औषध म्हणून काही करो वा न करो, चाचणी 'होय' असेच दाखवते. इतक्या सगळ्या रोगांवर एकच पदार्थ गुणकारी का ठरतो, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जिंकलेल्या हळदीच्या पेटंटबद्दल. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते; परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय खरा आणि अभिमानाचा आहे. पण पेटंट रद्द झाले ते 'हा वापर भारतात आधीपासून ठाऊक होता, म्हणून नवा शोध नाही' या मुद्द्यावर. जखम हळदीने किती दिवस लवकर भरते, हे तिथे तपासले गेले नव्हते. 'अमेरिकेनेही हळदीचे औषधी गुण मान्य केले' हे वाक्य त्यामुळे चूक आहे आणि ते दरवेळी छापून येते.

दोष सगळा वार्ताहरांचा आहे असे मी मानत नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ या वर्षातली २० ब्रिटिश विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके मूळ निबंधांशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिले. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधापेक्षा फुगवलेला होता. ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाचे कारण केले होते. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसावर ओढले होते. पत्रकात प्राण्यांचा निष्कर्ष माणसाला लावलेला असला की ८६ टक्के बातम्यांतही तो तसाच आला. पत्रक सरळ होते तेव्हा १० टक्क्यांतच. म्हणजे रोग बहुतेक वेळा विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागातच सुरू होतो. उपसंपादकाला तो दहा मिनिटांत पकडता येतो. पत्रक बाजूला ठेवावे आणि निबंधाचा सारांश उघडावा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत तो फुकट मिळतो. 'पद्धती' हा भाग आधी वाचावा, निष्कर्ष नंतर. उंदीर की माणसे, किती, किती आठवडे, तुलनेला कोण, हे तिथे असते. चाचणी भारतातली असेल तर भारतीय चाचणी नोंदणीत तिचा क्रमांक शोधावा. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. काय मोजणार आणि किती जणांवर, हे तिथे आधीच लिहिलेले असते. नोंदणीत 'रक्तातली साखर' मोजू असे म्हटले असेल आणि बातमी 'उत्साह वाढला' अशी असेल, तर चॉकलेटची अठरा मोजमापे आठवावीत. निबंधाच्या शेवटी पैसे कोणी दिले ते छापलेले असते. निबंधच नसेल, फक्त पत्रकार परिषद असेल, तर बातमीत पहिल्याच ओळीत तसे सांगावे.

मूळ कागद न वाचल्याने काय होते ते जुलै २०२५ मध्ये नागपूरहून सुटलेल्या समोशा-जिलबीच्या बातमीत दिसले. आरोग्य मंत्रालयाच्या २१ जूनच्या पत्रात कार्यालयांमध्ये पदार्थांतल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची सूचना होती. बातमी झाली ती समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी, आणि १५ जुलैला सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा असा कोणताही आदेश नाही. पत्र लहानसे होते. वाचायला पाच मिनिटे पुरली असती.

पुरवणीतल्या जाहिरातींबद्दलही लिहायलाच हवे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंद आहे, आणि ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. 'आरोग्य विशेष' अशा शीर्षकाखाली, बातमीच्याच टायपात छापलेला मजकूर हा या कायद्यातून पळवाट ठरू नये. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक स्तंभावर 'जाहिरात' हा शब्द मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात हवा.

शेवटची मागणी दुरुस्तीची. बारा मुलांवरच्या निरीक्षणावरून लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत जगभरच्या आईबापांनी गोवराची लस टाळली. मागे घेतलेल्या निबंधांची 'रिट्रॅक्शन वॉच' ही सूची कोणालाही फुकट पाहता येते. आपल्या दैनिकाने वर्षभरात छापलेल्या आरोग्य-संशोधनाच्या बातम्यांतले निबंध महिन्यातून एकदा त्या सूचीत शोधावेत. त्यातला एखादा सापडला, तर मूळ बातमी ज्या पानावर आणि जेवढ्या मथळ्यात आली होती, त्याच पानावर तेवढ्याच मथळ्यात ते छापावे, आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीच्या माथ्यावर तारखेसह तशी नोंद करावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जीवसांख्यिकीचा एक अध्यापक, सातारा